उजवीकडची

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर काकूंच्या शेजारी एक काटकुळी मुलगी येऊन बसली. तिच्या शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली होती. ती सारखी हाताने झाकत होती.

काकूंचा सगळा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. त्यांना राहवेना. पर्समधून सुईदोरा काढत त्या म्हणाल्या, "हात खाली घे. दोन मिनिटांचं काम आहे."

पहिला टाका घालताना त्यांनी तिचा चेहरा जवळून पाहिला आणि ओळखला. सात महिने तो चौकातल्या फलकावर रोज दिसत होता. वजन घटवणाऱ्या पावडरची जाहिरात. उजवीकडे 'नंतर' म्हणून ही, आणि डावीकडे 'आधी' म्हणून खुद्द काकू. भाचीच्या दुकानाच्या उद्घाटनाला काढलेला त्यांचा फोटो फोटोग्राफरने परस्पर विकला होता. कंपनीने चेहरा जरा पुसट केला, पण गल्लीने ओळखायचं ते ओळखलंच. पोरं त्यांना 'आधीकाकू' म्हणू लागली. माप द्यायला आलेल्या बायका पावडरचा गुण कधी येणार म्हणून विचारू लागल्या. शेवटी काकूंनी दावा ठोकला. कंपनीचं म्हणणं, दोन्ही फोटो एकाच बाईचे. ती बाई आज साक्षीला यायची होती.

"तू उजवीकडची ना?"

मुलीने मान खाली घातली. "हो."

काकूंची सुई थांबली नाही. "हलू नकोस, टोचेल."

त्यांनी दाताने दोरा तोडला तेवढ्यात पुकारा झाला.

मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. कंपनीच्या वकिलांनी तिच्यापुढे जाहिरात धरली. "हे दोन्ही फोटो तुमचेच ना?"

तिचा हात खांद्यावरच्या नव्या टाक्यांवर गेला. पहिल्या रांगेतून कंपनीचे मॅनेजर डोळे वटारून बघत होते.

"उजवीकडचा माझा," ती म्हणाली. "डावीकडच्या त्या." तिने काकूंकडे बोट दाखवलं.

वकील गडबडले. "नीट आठवा. मग तुमचं वजन घटलं कशाने?"

"घटलंच नाही, साहेब. मी पहिल्यापासून अशीच. जाड होण्याइतकं घरात कधी शिजलंच नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. न्यायाधीशबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. हाच क्षण यावा म्हणून काकू सात महिने झुरल्या होत्या. आता त्यांना मान वर करवेना.

दुपारच्या सुट्टीआधीच हुकूम झाला. सगळे फलक आठ दिवसांत उतरवायचे. व्हरांड्यात काकूंचे वकील खुशीत पुढचं काहीबाही सांगत होते, पण काकूंचं लक्ष दाराकडे होतं. मॅनेजर दारातच मुलीला काहीतरी सुनावून तरातरा निघून गेले. बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली.

"काढलं ना कामावरून?"

तिने होकारार्थी मान डोलावली. "कंपनीतच पावडरची पाकिटं भरायला होते मी." मग हलकेच म्हणाली, "आईला काय सांगू, काकू?"

काकूंनी पर्स खांद्याला अडकवली.

"मी येते बरोबर. मी सांगते तिला. तू फक्त रस्ता दाखव."