तीन ठिपके

धाकट्या सुनेच्या पोटावर तीन ठिपके होते, प्रत्येक जेमतेम मसुराच्या दाण्याएवढा. थोरलीच्या पोटावर वीतभर लांब व्रण. दोघींच्याही पित्ताशयात खडेच झाले होते, पण थोरलीचं ऑपरेशन पोट उघडून झालं आणि धाकटीचं दुर्बिणीतून. थोरलीला सासूबाईंनी दीड महिना पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. धाकटी चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभी होती.

"तीन भोकांचं मेलं काय एवढं कौतुक!" सासूबाई म्हणाल्या होत्या.

"तुझं पोट कसं कोरं राहिलं गं," थोरली म्हणायची.

"हे घ्या तुम्हालाच, जाऊबाई. तुमचा व्रण मला द्या," धाकटी म्हणायची, आणि ती गंमत करत नसे.

सासूबाईंचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन चार वर्षं लांबणीवर पडलं होतं. आज कशाबशा त्या धाकटीबरोबर दवाखान्यात दाखवायला आल्या.

"आजी, दुर्बिणीतून करू," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यात कामाला लागाल!"

सासूबाईंनी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या धाकटीकडे बघितलं.

"नको डॉक्टर," त्या म्हणाल्या, "माझं आपलं फाडूनच करा."