तळाचं पाणी

काळुराम मेलेल्या माशांकडे बघतच नव्हता. तो डबा शोधत होता.

खदानीच्या पाण्यावर पांढरी पोटं वर करून हातभर लांबीचे कटले तरंगत होते. काळुरामने काठावरचं गवत, झुडपं, दगडांच्या फटी, सगळं पालथं घातलं. कुणीतरी औषध टाकलंय, म्हणजे डबाही इथेच कुठेतरी असणार. तो कुणाचा निघणार, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. भिवाचा. सख्ख्या धाकट्या भावाचा.

पायाजवळून एक बेडूक टुणकन पाण्यात गेला. काळुरामने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

शीळफाट्यामागची ही जुनी दगडखाण. दगड संपला आणि नव्वद फूट पाणी भरलं. काळुरामने त्यात मासे सोडले आणि स्वतःच्या जिवाला घोर लावून घेतला. भिवाने एकदा जेवता जेवता वाटा मागितला होता, तोही हसत. पण तेव्हापासून काठावर पाऊल उमटलं की काळुरामला ते भिवाचंच वाटे. चोराचं जाळं अडकावं म्हणून तो दर वर्षी ट्रॉलीभर बाभळीच्या फांद्या दगड बांधून काठालगतच्या पाण्यात सोडी. आता जाळं चालत नाही, म्हणून भिवाने औषध टाकलं. इतकं सरळ होतं सगळं!

डबा काठावर नाही, भिवाच्या पडवीत सापडला. अर्धा रिकामा. भिवा भेंडी लावायचा, अर्धं औषध भेंडीवर गेलं असेल, असं म्हणायला गावातलं कुणी पुढे आलं नाही. संशयाला फार पुरावा लागत नाही, नात्यातल्या संशयाला तर मुळीच नाही.

“दादा, मी नाय रे काय केला,” भिवा म्हणाला.

“मंग कोनी केला?”

“काय ठाव, दादा.” काळुरामला तेवढं पुरलं.

रविवारी भिवाच्या मुलीची, मालूची हळद होती. या गावांत हळद म्हणजेच खरं लग्न, मांडवात सगळा गाव लागतो. काळुरामने सगळ्या गावासमोर गाऱ्हाणं घातल्यावर पंचांतले म्हातारे चांगदेव यांनी निवाडा शुक्रवारी चार वाजता गावदेवीच्या देवळात ठेवला. रीत जुनीच होती. गुन्हा कबूल करून देवीपुढे नारळ ठेवला, तर गाव माफ करतं. नाकारला आणि पंचांना पटलं नाही, तर त्या घरच्या मांडवात कुणी पाऊल टाकत नाही. हळदीची गाणी म्हणणाऱ्या शेवंतीने तर आधीच निरोप धाडला, “आधी निवाडा होऊ दे.”

शुक्रवारी सकाळी मत्स्य खात्याची उत्तरा नावाची तरुण अधिकारी खोपटहून एसटीने आली. पुराव्यावर सरकारी शिक्का बसावा, म्हणून काळुरामनेच तिला बोलावलं होतं. तिने दोरीला बाटली बांधून खोल सोडली, वर ओढली आणि बूच काढलं. सडक्या अंड्यांचा भपकारा आला. काळुरामने नाकाला धोतराचा सोगा लावला.

“बघा बाई, औषध!”

“औषध असतं तर बेडूक जगले असते का, काका? तो बघा, पाणसापसुद्धा पोहतोय.” तिने बाटली उन्हात धरली. “मासे गुदमरून मेलेत. ऊन पडलं की वरचं पाणी तापतं, हलकं होतं. खालचं थंड, जड. दोन्ही मिसळत नाहीत आणि वरची हवा तळाला पोचत नाही. पूर्वी दर थंडीत पाणी ढवळून निघायचं. आता उन्हाळे लांबलेत, दोन वर्षं नीट थंडीच पडली नाही. तळाचं पाणी तसंच कोंडून राहिलं. मंगळवारी एकदम गार वारा सुटला, वरचं पाणी थंड होऊन खाली गेलं आणि हे वर आलं.”

तिने पुन्हा बाटलीचा वास घेतला. “पण इतकं नासलंय म्हणजे तळाशी काहीतरी ढीगभर कुजतंय. कुजताना ते उरलीसुरली हवाही खातं. काय आहे खाली?”

काळुराम धोतराचा सोगा झटकू लागला. बाभळी काठावर टिकत नसत, घसरून तळाला जात. म्हणून तर दर वर्षी नवी ट्रॉली लागे.

“काका?”

“पालापाचोला असंल,” तो म्हणाला.

उत्तरा बाराच्या गाडीने परत गेली. काळुराम घरी येऊन खाटेवर बसला. त्याची बायको शालू सगळं ऐकून म्हणाली, “आत्ताचे आत्ता जा आनि भिवाभावजींना सांग.”

“जातो.”

पण तो उठला नाही. औषध नव्हतं, एवढं सांगायला सोपं होतं. मग मासे कशाने मेले, असं कुणी विचारलं तर? सगळ्या गावासमोर धाकट्याला चोर म्हणणारा मोठा भाऊ आता कोणत्या तोंडाने बोलणार? बाभळी वगळून कसं सांगता येईल, याची तो जुळवाजुळव करत बसला. एकदा जमलंसं वाटलं, पुन्हा मोडलं. शेवटी त्याला स्वतःचीच किळस आली. सगळंच सांगायचं, बाभळींसकट, असं ठरवून तो उठला. तेव्हा चार वाजून गेले होते.

देवळापर्यंत तो जवळजवळ पळतच गेला. माणसं पायऱ्यांपर्यंत बसली होती. काळुरामला पाहून त्यांनी वाट करून दिली. कुणीतरी त्याच्या पाठीवर शाबासकीची थापही मारली.

आत भिवा देवीसमोरून उठत होता. देवीपुढे नारळ ठेवलेला होता. शेवंती मालूला जवळ घेऊन तिचे डोळे पुसत होती. भिवा सरळ काळुरामपाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“दादा, औषध मीच टाकला. आता तरी माझे पोरीचे हलदीला ये.”