किल्ल्याबाहेरचं निशाण
दर बुधवारी मी ज्येष्ठांच्या निवासात इतिहास सांगायला जातो. त्या दिवशी किल्ल्याचा वेढा चांगलाच रंगात आला होता. सेनापतीचं लाल निशाण मी नकाशावर दरवाजाबाहेर टोचलं, तोच पहिल्या रांगेतल्या माईंनी हात वर केला. "आज इथंच थांबा. सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. परत यायला काहीतरी कारण नको का?" मी थांबलो. पुढच्या बुधवारी माईंची खुर्ची रिकामी होती. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, पण घरी सोडलं नव्हतं. मी निशाणाला हात लावताच सगळी मंडळी माझ्यावर धावून आली. "माई आल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही." मग काय, तासभर सैनिकांच्या पायताणांवर बोललो. त्याच्या पुढच्या बुधवारी तोफा ओतण्यावर. अखेर माई आल्या, चाकांच्या खुर्चीतून. खुर्ची ढकलणाऱ्या बाई अनोळखी होत्या. "मी यांना भूल देणारी डॉक्टर," त्या ओशाळून म्हणाल्या. "टेबलावर यांनी मला वेढ्याची गोष्ट सांगायला घेतली आणि ऐन दरवाजापाशी झोपल्या. तेव्हापासून जिवाला चैन नाही. पडला का हो किल्ला?" मी निशाण उपटून दरवाजाकडे नेलं. तेवढ्यात मागच्या रांगेतले आजोबा खाकरले. "सर, माझं मोतीबिंदूचं उद्याच आहे." मी माईंकडे पाहिलं, माईंनी डॉक्टरांकडे. मी निशाण होतं तिथंच परत टोचलं. डॉक्टरांनी एक सुस्कारा सोडला आणि विचारलं, "पुढच्या बुधवारी किती वाजता?"