पाण्यातले देव

दहाव्याचे विधी उरकले. गुरुजी वर गेले, त्यांच्यामागून भावकीही पायऱ्या चढू लागली. नरसिंहपूरच्या घाटावर, अगदी खालच्या पायरीशी दोघंच उरली. रामहरी आणि त्याची बायको दगडाबाई.

तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. भवानीनगरहून येताना जीपमध्ये तो तिनं मांडीवरून हलू दिला नव्हता. विधीला लागणारं दूध-दही असेल, असं रामहरीला वाटलं होतं. तिनं झाकण उघडलं. आत पाणी होतं आणि पाण्याच्या तळाशी घरचे देव. खंडोबा, भवानी आणि नरसिंहाचे चांदीचे टाक, अंगठ्याएवढा रांगता बाळकृष्ण.

"अगं, सुतक हाय!" रामहरी दचकला. "देवाला शिवलीस?"

"शिवले. आता आनि काय करनार हायत ते मला?"

त्यांच्या एकुलत्या एक मुलाची, दीपकची मोटारसायकल अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती. बारामतीच्या दवाखान्यात तो यंत्रावर श्वास घेत होता, तेव्हा दगडाबाईनं घरी येऊन देव्हाऱ्यातले देव उचलून पाण्यात घातले. पोरानं डोळं उघडल्याबिगर तुमाला भाईर काढायची न्हाय, असं त्यांना बजावलं. पोरानं डोळे उघडले नाहीत. सुतक लागलं, देवांना हात लावायची सोय राहिली नाही, ते तसेच पाण्यात राहिले. तेव्हापासून दगडाबाई रडली नव्हती. भेटायला आलेल्या बायका तिच्या गळ्यात पडून रडायच्या आणि तीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची.

"हितंच सोडते ह्यांना," ती म्हणाली. "तसं बी पान्यातच हायत. डबा काय आन् नदी काय."

"माझ्या आईनं तुझ्या हातात दिलेले देव हायत ते."

"देताना तुमची आई म्हनली व्हती, अडचनीला हाक मार. मारली की. दवाखान्याच्या जिन्यात बसून मारली. झाडूवाली बाई मला पानी प्यायला घेऊन आली. ह्यांच्यातलं कुनी आलं न्हाय." तिनं मान वर करून देवळाच्या शिखराकडं पाहिलं. "त्यो बगा, वर बसलाय. परल्हादासाठी खांब फोडून आला. माझ्या पोरासाठी नुसतं दार ढकलून यायचं व्हतं."

देवपूजा हे तिचं काम होतं. रामहरी आपला रानात जाताना देव्हाऱ्याकडं बघून हात जोडायचा, तेही चप्पल पायात सरकवता सरकवता.

"टाकायचे तर टाक," तो म्हणाला. "मी न्हाय अडवत. पर उद्या सकाळी उठून तू काय करशील?"

तिनं डब्यातलं पाणी ओतून दिलं, देव मुठीत घेतले आणि पायरी उतरली. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. नीरा भीमेला मिळते तिथं पाण्याला ओढ होती. तिनं मूठ पुढं केली. आणखी एक पाऊल टाकलं आणि शेवाळावरून पाय सटकला.

"देवाऽऽ!"

ती छातीपर्यंत पाण्यात गेली. रामहरीनं धोतरासकट उडी घेतली, तिचा दंड पकडला आणि ओढत तिला पायरीवर आणून बसवलं. दोघांनाही धाप लागली होती. तिच्या दुसऱ्या हातातून सुटलेला डबा हेलकावे खात लांब निघाला होता.

"देव गेलं?" त्यानं विचारलं.

तिनं खाली पाहिलं. मूठ मिटलेलीच होती. बोटं इतकी आवळली होती की तिला ती उलगडता येईनात. रामहरीनं एकेक बोट सोडवलं. चौघंही होते. बाळकृष्णाचा गुडघा तळहातात रुतून लाल खूण उमटली होती.

"हाक मारलीस," रामहरी हळूच म्हणाला.

"तोंडातनं गेली." ती तळहाताकडं बघत राहिली. "दुसरं काय येतंय मला?"

आणि मग तिचा बांध फुटला. दीपकचं नाव घेत, देवांना तोंडाला येईल ते बोलत, ती मोठ्यानं रडली. तुमाला डोळं न्हाईत, म्हणाली. तुमाला आई न्हाय, म्हणून कळत न्हाय, म्हणाली. वरच्या पायऱ्यांवरची माणसं थबकली. रामहरीचा भाऊ रावजी खाली यायला निघाला, तेव्हा रामहरीनं हातानंच त्याला थांबवलं.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. साडी सगळी भिजली होती, एका खांद्यावरचा पदर तेवढा कोरडा राहिला होता. त्याच्या टोकानं तिनं खंडोबाचा टाक पुसला. मग भवानीचा. नरसिंहाचा टाक हातात घेऊन जरा वेळ थांबली, मग तोही पुसला, कोपऱ्याकोपऱ्यातून. शेवटी बाळकृष्ण.

"घरी न्यायचे?" रामहरीनं विचारलं.

"राग हाय माझा ह्यांच्यावर. लई राग हाय." तिनं नाक ओढलं. "पर रागवायला तरी घरात कुनी पायजे का न्हाय?"

देव ठेवायला आता काही नव्हतं. रामहरीनं डोक्यावरची टोपी काढून तिच्यापुढं धरली. तिनं पुसलेले देव एकेक करून टोपीत ठेवले. सकाळीच वस्तरा फिरलेलं त्याचं डोकं उन्हात उघडं पडलं होतं, पांढरं, लहान पोराच्या डोक्यासारखं.

दगडाबाईनं ते पाहिलं. सरकून ती त्याच्याजवळ बसली आणि पदराचं टोक त्याच्या डोक्यावर टाकलं.