कवटी

पूर्णेच्या दरडीत मेंढरं राखणाऱ्या मल्हारीला हत्तीचा सुळा सापडला, पार दगड झालेला. कॉलेजातले प्रोफेसर बन्सीधरराव जीप घेऊन आले आणि सुळा घेऊन गेले. ते साल एकोणऐंशी.

दिवाळीनंतर मल्हारी लेकीला घेऊन कॉलेजात गेला. लेकीनं काचेच्या पेटीवरची पाटी वाचून दाखवली : हजारो वर्षांपूर्वीचा हत्ती, शोध लावणारे प्रोफेसर बन्सीधरराव.

“साहेब, माजं नाव न्हाई टाकलं?”

प्रोफेसर हसले. “अरे, तुझ्या मेंढीनं खुरानं उकरून काढला असता, तर मेंढीचं नाव टाकलं असतं का?”

हत्ती नेमका कुठल्या जातीचा, हे ठरवायला त्यांना कवटी हवी होती. म्हणून पुढं बारा वर्षं ते दर उन्हाळ्यात आले. मल्हारी दाखवील त्या दरडी मजुरांनी खोदल्या. दुपारी दमून सगळे मल्हारीच्याच रानात मेंढवाड्यापाशी टेकायचे, त्याच्या बायकोच्या, भागुबाईच्या हातचा चहा प्यायचे आणि रिकाम्या हातानं परत जायचे.

रिटायर व्हायच्या साली प्रोफेसर तिथंच बसून म्हणाले, “मल्हारी, कवटी पाहिल्याशिवायच मरणार बघ मी.”



“तुमी बसलाव तितंच खाली हाय, साहेब. बारा सालाखाली मेंढरांनीच खुरानं उकरली. आधी पाटीवर त्यांचं नाव टाका, मग माज्या रानात कुदळ लावू देतो.”