तिसावा झेंडा

खण्ण.

पोलादी भोवरा फरशीवर आपटला, भिंतीपर्यंत घरंगळत गेला आणि घर पुन्हा शांत झालं. पलंगावर अजिनाथनं कूस बदलली. वाळूजच्या कंपनीतली तिसरी पाळी करून तो सकाळीच आला होता. दिपालीनं शिलाई मशीनवरून मान वर केली.

"पप्पा झोपलेत ना, राणी?"

"काय?" प्रांजली ओरडली.

सहा वर्षांच्या त्या पोरीला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, उजव्यानं निम्मं. हळू बोलणं तिला माहीतच नव्हतं. दिपालीनं तिला जवळ ओढून तिच्या कानामागचे केस सारले. कंपनीची ऑर्डर मार्चपर्यंत टिकली, की अजिनाथ कायम होणार. कायम झाला, की विमा. विमा झाला, की कानाचं ऑपरेशन. याआधी दोनदा ऑर्डर संपली म्हणून त्याला गेटवरूनच परत पाठवलं होतं.

भोवरासुद्धा कंपनीतलाच. तपासणीत नापास झालेलं एक निमुळतं टोपण तो लेकीसाठी डब्यात घालून घेऊन आला होता.

मशीनशेजारी एकोणतीस देश रांगेत पडले होते.

दूर कुठंतरी तीन वर्षं युद्ध चाललं होतं. ते थांबवायच्या बोलण्याला तीस देशांचा पाठिंबा हवा होता, आणि तो जमवायला परदेशी पाहुणे शहरातल्या एका बड्या हॉटेलात उतरले होते. त्यांच्या टेबलांवरचे वीतभर झेंडे मुकुंदवाडीत दिपाली शिवत होती. त्यामुळं जगाचं काय चाललंय, ते तिला पेपरच्या आधी कळायचं. सोमवारी दोन देश वाढले. मंगळवारी एक रुसला, त्याची खुर्ची खिडकीपासून लांब पडली म्हणून. बुधवारी तो परत आला, तर दुसरे दोघं वेरूळ बघायला गेलेले. तिकडं माणसं मरत होती आणि हे इथं हिमरू शाली खांद्यावर टाकून आरशात बघत होते.

"करारातल्या एका ओळीवर तीन दिवस बसलेत," काकासाहेब सांगायचा. हॉटेलातल्या मांडणीचं कंत्राट त्याचं होतं. "लई शिकलेली माणसं हायेत, ताई."

"आमच्या आबांची मेंढरं यापेक्षा लवकर आत शिरायची."

"तुमच्या लोकांना मेंढरंच दिसणार!" तो खो खो हसला.

दिपालीही हसली. तिचे आबा, सोनाजी, रोज सांजच्याला मेंढरं जाळीत कोंडायचे आणि ती तोंडाशी काठी घेऊन उभी राहायची. एक जरी मेंढरू बिचकून मागं वळलं, तरी सगळा कळप वळायचा. मग कितीही ओरडा.

शुक्रवारी दुपारी काकासाहेब धापा टाकत आला. हातात रंगीत चित्र होतं.

"तिसावा आला! नुसत्या दोन पट्ट्या, अवघड काय नाय. आत्ताच्या आत्ता द्या. उद्या सह्या."

"मग युद्ध थांबतं?"

"न थांबून जातंय कुठं? आठ दिवसांत तोफा बंद."

"आठच दिवसांत?"

"का? तुमचं कोणी हाय का तिकडं?"

"नाय. आमचं इथंच हाय." तिनं पलंगाकडं बघितलं. "जरा हळू बोला, साहेब."

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. प्रांजलीनं चित्र हातात धरलं. एकोणतीस झेंड्यांना मायलेकींचा हाच खेळ झाला होता.

"वर काय?"

"लाल!"

"खाली?"

"पांढरा!"

दिपालीनं पट्ट्या जोडल्या. कडेला दांडीसाठी बाही केली. बाहीचं वरचं तोंड शिवून टाकायचं, म्हणजे खालून घातलेली दांडी तिथं अडते. एवढ्याशा कामाला तिनं बराच वेळ घेतला. एकदा शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. प्रांजली काही बोलणार, तेवढ्यात तिनं तिच्या हातात भोवरा दिला.

"जा, अंगणात फिरव."

रविवारी काकासाहेब उरलेलं सामान घेऊन आला. तोंड उतरलेलं. अजिनाथ चहा पीत होता.

"बसलं सगळं," काकासाहेबानं खोकं आपटलं. "भर सभेत त्या तिसाव्यानं स्वतःचा झेंडा बघितला, तर उलटा! पांढरा वर, लाल खाली. अपमान केला म्हणाला आणि उठला. त्याच्या मागं चौघं. जेवणाच्या टायमापर्यंत अठरा उरले. आमच्या कामावरच्या पोरानं, सांडूनं, घाईत उलटा लावला असणार. दिला हाकलून."

"एवढ्याशा कापडावरून?" दिपाली म्हणाली. "तिकडं लोकांची पोरं मरतात आणि ह्यांचा मान दुखतो? कसली माणसं ही!"

"तेच म्हणतो मी. लाज नाय. हे बघा, तोफा चालूच."

त्यानं मोबाईल पुढं धरला. पडद्यावर तोफगोळ्यांची रास होती. उभे, ओळीनं, आणि प्रत्येकाच्या टोकावर एक निमुळतं टोपण.

"पप्पाचे भोवरे!" प्रांजली टाळ्या पिटत ओरडली.

अजिनाथनं कप खाली ठेवला. कंपनीत काय बनतं, ते तो दिपालीशिवाय कुणापाशी बोलला नव्हता.

"पोरीला सगळीकडं भोवरेच दिसतात," काकासाहेब हसला आणि खोक्यातले झेंडे जमिनीवर ओतू लागला.

प्रांजलीनं दोन पट्ट्यांचा झेंडा उचलला. बाहीच्या बंद तोंडावर बोट ठेवलं. मग अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात तिनं विचारलं, "आई, तू आधी लालकडनं बरोबर शिवलं होतं, मग उसवून पांढऱ्याकडनं का शिवलं?"