गाळातला घोडा

नदीकाठच्या जुन्या घरातल्या संग्रहालयात साहेब पाहुण्यांना मातीचा घोडा दाखवत होते. "दोन हजार वर्षांपूर्वी कुण्या पोराने केलेला! काठावरचा गाळ आम्ही सहा महिने चाळला, ब्रशने कण न् कण झाडला, तेव्हा हाती लागला. गाळात सगळं सापडतं हो, शोधणाऱ्याची दानत हवी."

झाडलोट करणारी मावशी तीच काच पुन्हा पुन्हा पुसत होती.

"मावशी, बाकीच्या काचा काय पाहुण्यांनी पुसायच्या?" साहेब म्हणाले, तसे सगळे खदाखदा हसले.

मावशी घोड्याच्या पाठीवरचा अंगठ्याचा इवलासा ठसा बघत राहिली. तीन वर्षांपूर्वी लेकीने केलेला तो घोडा तिनेच आपल्या चुलीत भाजून दिला होता. त्याचा कान त्याच दिवशी तुटला, म्हणून लेक रुसून जेवली नव्हती. खरं सांगितलं तर साहेब घोडा उचलून कचऱ्यात टाकतील, म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं.

हाच घोडा घेऊन नदीवर गेलेली लेक पुरात वाहून गेली, तेव्हा शोधायला आलेल्यांनी दुसऱ्याच दिवशी हात झटकले होते, "बाई, एवढ्या गाळात काय सापडणार?"